डेटा खरा, पण संमती नाही: असा पेपर जर्नलने छापावा का? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

पानटीप:

मध्यंतरी एका जर्नलकडून माझ्याकडे पेपर तपासायला आला. (समीक्षकाने गोपनीयता पाळायची असते, म्हणून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) एका औषधाच्या दोन मात्रांची तुलना, रुग्ण मोजकेच, आकडेमोड स्वच्छ. पद्धतीच्या भागात नेहमीचं वाक्य, ‘संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता घेतली आहे’, आणि शेजारी पत्राची तारीख. वाचलं आणि पुढे गेले. चार पानांनंतर तक्त्यात पहिला रुग्ण कधी दाखल झाला ते दिसलं आणि पानं उलटून मागे आले. मान्यतेचं पत्र पहिल्या रुग्णानंतर पाच महिन्यांनी निघालं होतं. त्या पाच महिन्यांत आलेल्या माणसांना आपण प्रयोगात आहोत हे माहीत होतं का, कोणी सांगितलं, काय सांगितलं, याचा पेपरात कुठेही पत्ता नाही.

माझं मत असं, की अशा पेपराला जर्नलने दार उघडूच नये. निष्कर्ष कितीही कामाचा असला तरी. हे काही माझ्या मनचं नाही. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वं सांगणारा हेलसिंकी जाहीरनामा १९६४ चा. त्याच्या १९७५ च्या टोकियो सुधारणेत स्पष्ट म्हटलं आहे, की या तत्त्वांना सोडून केलेल्या प्रयोगांचे अहवाल प्रकाशनासाठी स्वीकारू नयेत. त्याआधी १९६६ मध्ये अमेरिकन भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २२ प्रयोगांची उदाहरणं मांडली. प्रयोग करणारे आडदांड नव्हते, नावाजलेल्या संस्थांतले डॉक्टर होते. बीचर यांचं म्हणणं होतं, की अशी माहिती न छापल्याने वैद्यकाचं थोडं नुकसान होईल, पण छापल्याने होणारं नैतिक नुकसान त्याहून मोठं असेल.

आणि न विचारता छापत राहिलं की काय होतं, ते अमेरिकेतल्या टस्कीगी इथल्या सिफिलिसच्या अभ्यासाने दाखवलं आहे. १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं. सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुष, त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस. पेनिसिलिन सर्रास मिळू लागलं तरी त्यांना दिलं नाही. यातलं काही लपवलेलंही नव्हतं. १९३६ पासून त्यावर पेपर येत होते आणि पहिल्याच्या शीर्षकात ‘उपचार न केलेला सिफिलिस’ असे शब्द होते. शीर्षकात! ते किती संपादकांच्या, किती समीक्षकांच्या नजरेखालून गेलं असेल. उपचार का केले नाहीत, हे एकाने जरी खडसावून विचारलं असतं तर?

दशांश:

तुमची तळमळ समजते, पण निष्कर्ष पटत नाही. तुमचंच उदाहरण घेतो.

१९६५ मध्ये अर्विन शॅट्झ नावाच्या तरुण डॉक्टरने टस्कीगीवरचा एक पेपर वाचला आणि अभ्यास करणाऱ्यांना पत्र लिहिलं, की रुग्णांना उपचार मिळू न देणं मला धक्कादायक वाटतं. त्यांना उत्तर मिळालं नाही, हे खरं. पण त्यांना हे कळलं कशामुळे? पेपर छापला होता म्हणून. उद्या तुम्ही दार बंद केलंत तर असे प्रयोग थांबणार नाहीत, ते फक्त तुमच्या डोळ्यांआड होतील.

दुसरा मुद्दा माझ्या रोजच्या कामातला आहे. मी आकडे तपासतो. समजा तुमच्या त्या पेपरातून कळतंय, की मोठी मात्रा दिल्यावर मूत्रपिंडाला इजा होते. तुम्ही तो नाकारलात. दोन वर्षांनी दुसरीकडे कोणीतरी, या खेपेला सगळ्या सह्या घेऊन, तीच मात्रा नव्या रुग्णांना देणार. त्यांची मूत्रपिंडं कोणत्या तत्त्वासाठी खर्ची घालायची? प्रतिकूल निष्कर्षही जाहीर झाले पाहिजेत, हे हेलसिंकी जाहीरनाम्यातच आहे. ती बाजूही तितकीच नैतिक आहे.

आणि मान्यतेच्या त्या एका ओळीवर आपण किती भार टाकतो बघा. मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलमध्ये एक पेपर आला, की कोविडच्या रुग्णांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध दिलं तर धोका वाढतो. ९६,०३२ रुग्ण, ६७१ रुग्णालयं, सहा खंड. नैतिक परीक्षणातून सूट मिळाल्याचं वाक्य त्यातही व्यवस्थित होतं. जागतिक आरोग्य संघटनेने त्यावरून आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग तात्पुरता थांबवला. मग लोकांनी विचारलं, मूळ डेटा कुठे आहे? तो एका लेखकाच्या सर्जिस्फिअर या कंपनीकडे होता, बाकीच्या लेखकांच्या हाती नव्हता आणि कंपनी कोणाला दाखवायला तयार नव्हती. ४ जूनला पेपर मागे घ्यावा लागला. म्हणून माझी मागणी वेगळी आहे. मूळ डेटा उघडा ठेवा, तपासू द्या. संमतीत खोट असेल तर पेपराच्या माथ्यावर ठळक लिहा. पण खरी मोजमापं पुसू नका.

वॉर्ड क्रमांक तीन:

मी संशोधन परिचारिका आहे. संमतीपत्रावर सही घेण्याचं काम माझं. तुम्ही दोघं ‘संमती होती’ आणि ‘संमती नव्हती’ असं म्हणताय, तेव्हा मला हसू येत नाही, रडू येतं. कारण ती कागदावर जवळजवळ नेहमीच असते.

एक प्रसंग सांगते. संमतीपत्र अकरा पानांचं. बाईंना दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेला न्यायचं होतं. त्या सकाळपासून उपाशी, मुलगा औषधं आणायला गेलेला. मी पहिलं पान वाचून दाखवलं. दुसऱ्या पानावर ‘यादृच्छिक गट’ हा शब्द आला तेव्हा त्यांनी विचारलं, “म्हणजे डॉक्टर ठरवणार ना कुठलं औषध ते?” मी म्हटलं, “नाही मावशी, ते संगणक ठरवतो.” त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “तू सांगशील तिथे सही करते, पण मोठे डॉक्टर माझ्यावर रागावणार नाहीत ना?” मी त्या दिवशी सही घेतली नाही. मला विचारणा झाली, त्या आठवड्याची संख्या का भरली नाही म्हणून. दुसऱ्या कोणीतरी संध्याकाळी सही घेतली. तो पेपर छापून आला आहे आणि त्यात ‘सर्व सहभागींकडून माहितीपूर्वक संमती घेतली’ असं लिहिलं आहे. वाक्य कागदोपत्री खरं आहे.

पानटीप, तारखांची तफावत तुम्हाला दिसली कारण ती कागदावर होती. मावशींची भीती कुठल्या तक्त्यात दिसणार? जर्नलांनी संमतीपत्राचा नमुना पेपराबरोबर मागायला हवा. तो किती पानांचा, कोणत्या भाषेत, कोणी वाचून दाखवला, किती जणांनी नकार दिला. एकानेही नकार दिला नसेल तर मला शंका येते.

पानटीप:

किती जणांनी नकार दिला, हा प्रश्न मी आजवर एकाही समीक्षणात विचारलेला नाही. यापुढे विचारेन.

दशांश, शॅट्झ यांचा मुद्दा मला लागला, तो नाकारत नाही. पण पेपर छापल्यावरही टस्कीगी थांबलं नाही, हेही पाहा. शॅट्झ यांच्या पत्रानंतर सात वर्षं चाललं. ते थांबलं जुलै १९७२ मध्ये बातमी फुटल्यावर. आतल्या माहितीवरून एका वार्ताहराने ती दिली होती. जर्नलने छापून उजेड पाडला म्हणता, त्या उजेडात तेवढी वर्षं बसलेल्या वाचकांनी काय केलं?

आणि संमती वेगळी, डेटा वेगळा, असं तुम्ही धरता ते मला मान्य नाही. लस आणि ऑटिझम यांचा संबंध जोडणारा ब्रिटिश डॉक्टर वेकफील्ड यांचा पेपर आठवा. १९९८, फक्त बारा मुलं. ‘लॅन्सेट’ने तो फेब्रुवारी २०१० मध्ये मागे घेतला तेव्हा दिलेल्या कारणांत हेच होतं, की स्थानिक नैतिकता समितीची मान्यता असल्याचा दावा खोटा निघाला. मुलांच्या नोंदींतली फिरवाफिरव ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलने पुराव्यानिशी मांडली ती २०११ मध्ये. भूलतज्ज्ञ फुजी यांचंही तेच. आधी आठ पेपरांना समितीची मान्यता नसल्याचं उघड झालं, मग चौकशीत १७२ पेपरांतला डेटा बनावट ठरला. जो माणूस रुग्णाला विचारायचा कंटाळा करतो, तो मोजायचाही कंटाळा करतो, असं मला वाटू लागलं आहे.

दशांश:

दोन उदाहरणांवरून नियम काढू नका, एवढंच म्हणेन. मान्यता चोख आणि डेटा बनावट, असंही मी पाहिलं आहे. वॉर्ड क्रमांक तीन यांनी सांगितलेला पेपर तर तुमच्या चाळणीतून सहज पार होईल.

अर्धविराम:

मी पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे, म्हणून खालून कसं दिसतं ते सांगतो.

वर्षभरापूर्वी आमच्या पेपराच्या मसुद्यात सहा लेखक होते. जर्नलला पाठवला तेव्हा नऊ झाले. वाढलेल्या तिघांपैकी एकाने यंत्र वापरायची परवानगी दिली होती, दुसरे विभागप्रमुख, तिसरे कोण ते मला आजही नीट माहीत नाही. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखकपणाचे निकष चार आहेत. कामात भरीव वाटा, लिखाणात किंवा ते तपासण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि सगळ्या कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. चारही हवेत. त्या तिघांनी यातला एकही पूर्ण केला नव्हता. जर्नलच्या फॉर्मवर ‘सर्व लेखक निकष पूर्ण करतात’ या चौकोनात टिचकी मी मारली. माझ्या हाताने. ती अजून सलते.

आता सांगा, उद्या तो पेपर मागे घेतला तर कोणाचं काय जाईल? विभागप्रमुखांच्या यादीत शेकडो पेपर आहेत. माझ्याकडे दोन आहेत. पानटीप, दार बंद करा म्हणताना आत कोण अडकतो तेही बघा. मान्यतेची तारीख चुकवणारा वरिष्ठ असतो आणि पेपर लिहून पाठवणारा बहुधा माझ्यासारखा.

असं सांगून मी पळवाट मागत नाही. चौकोनात टिचकी मारायला नको होती. पण संपादकाने नऊही लेखकांना वेगवेगळी मेल करून ‘तुम्ही नेमकं काय केलंत ते दोन ओळींत लिहा’ असं विचारलं असतं, तर तिघंजण तिथेच गळाले असते आणि मला कोणासमोर उभं राहावं लागलं नसतं.

दशांश:

अर्धविराम, हे लिहायला धीर लागतो.

पानटीप, तुमच्या बाजूचं एक मान्य करतो. पेपर ही नुसती माहिती नसते, ते बक्षीसही असतं. नाव, बढती, अनुदान, सगळं त्यावर चालतं. संमती न घेणाऱ्याला ते बक्षीस मिळू नये, इथवर मी तुमच्याबरोबर आहे. माझा अडसर माहितीपुरता आहे. २०१९ मध्ये ‘बीएमजे ओपन’मध्ये एक पाहणी आली होती. चीनमधल्या अवयव प्रत्यारोपणावरचे ४४५ पेपर तपासले, तर ९९ टक्क्यांत अवयवदात्यांनी संमती दिली होती की नाही याचा उल्लेखच नाही. ते सगळे मागे घ्यावेत अशी मागणी झाली. मला विचाराल तर दात्याने संमती दिली होती हे दाखवता येत नसेल, तर पेपर जावा. मृत माणसाच्या शरीरावर कोणाची कारकीर्द उभी राहू नये. पण त्यातून एखाद्या औषधाचा धोका दिसला असेल, तर तो लेखकांच्या नावाविना कुठेतरी नोंदला गेला पाहिजे. तशी सोय आज नाही. ती तुम्ही सुचवत असाल तर माझा विरोध संपला.

पानटीप:

नाव काढून घ्यायचं आणि धोका मात्र कळवायचा. हे मला सुचलं नव्हतं आणि ते बरोबर आहे.

अर्धविराम, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढं नक्की, की मान्यतेची जबाबदारी ज्याची, त्याचं नाव पेपरात वेगळं लिहिलेलं असावं. म्हणजे पेपर मागे घेताना कोणामुळे घेतला हे त्या नोटिशीत स्पष्ट लिहिता येईल.

आज सकाळी समीक्षणाचा अहवाल पाठवला. समाधानकारक उत्तरं येईपर्यंत पेपर स्वीकारू नये अशी शिफारस केली आहे. मान्यतापत्राची प्रत, प्रत्यक्ष वापरलेलं संमतीपत्र, नकार देणाऱ्यांची संख्या आणि पत्राच्या तारखेआधी आलेल्या रुग्णांचा वेगळा तक्ता मागितला आहे. संपादकांनी हे फक्त लेखकांना न विचारता थेट त्यांच्या संस्थेला लिहावं असंही सुचवलं आहे. दशांश, तुमच्यामुळे एक प्रश्न वाढला: त्या पाच महिन्यांत दुष्परिणाम दिसले असतील, तर ते औषध नियामकाला कळवले आहेत का? आणि वॉर्ड क्रमांक तीन, तुमच्यामुळे शेवटचा: आपण प्रयोगात होतो, हे त्या रुग्णांना आता तरी सांगितलं आहे का?