मदत हवी आहे: मुतखडा मोनोहायड्रेट की डायहायड्रेट?
मंडळी, प्रकल्पासाठी मुतखड्यांचे एफटीआयआर (अवरक्त किरणांच्या शोषणाचे) आलेख काढतेय. अगेटच्या खलात घोटलेली चिमूटभर पूड पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये मिसळून गोळी दाबते. पण या पावसात ती बघता बघता दुधाळ होते. खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा आहे, यात शंका नाही. अडतंय पुढे: त्याच्या स्फटिकात प्रत्येक रेणूमागे पाण्याचा एक रेणू (मोनोहायड्रेट) की दोन (डायहायड्रेट)? मोनोहायड्रेटचं शिखर 1317 सेमी⁻¹ ला, डायहायड्रेटचं 1328 च्या आसपास हवं. माझं 1321 वर बसलंय! 3000 ते 3500 मध्ये मोनोहायड्रेटची पाच छोटी शिखरं दिसतात, माझ्याकडे तिथे दमट हवेचा एकच ढिम्म डोंगर. डॉक्टरांना उत्तर हवंय, कारण मोनोहायड्रेटचा खडा लिथोट्रिप्सीने (बाहेरून दिलेल्या आघात-लहरींनी) सहज फुटत नाही. ब्रोमाइड रात्रभर ओव्हनमध्ये वाळवलं, फरक शून्य. खडा मिश्र असेल का? की सरळ एटीआर (गोळी न करता पूड थेट यंत्राच्या स्फटिकावर दाबून मोजणं) वापरू? कुणी केलंय का?