थिनर लावण्याआधी पार्ट उलटून बघा

गेट रंगवताना गाडीच्या काळ्या प्लॅस्टिक बंपरवर उडालेला ऑइलपेंट थिनरने पुसा, असं कुणीतरी सुचवलंय. थांबा! आधी पार्टच्या मागे काय छापलंय ते बघा. 'पीपी' (पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिक) असेल तर तो थिनर बराच सोसतो. 'एबीएस' (दुसरं एक कडक प्लॅस्टिक) मात्र थिनर किंवा ॲसिटोनने विरघळून चिकट होतो. (माझ्या आरशाचं कव्हर असंच गेलं, चूक माझीच.) हेडलाइटची 'काच' म्हणजे पॉलिकार्बोनेट हे पारदर्शक प्लॅस्टिक, तिच्या जवळही थिनर नेऊ नका.

त्याऐवजी थिनरपेक्षा सौम्य अशा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं फडकं डागावर ५-१० मिनिटं ठेवा, मग जुन्या एटीएम कार्डाने हलकेच खरवडा. दोन-तीनदा करावं लागतं. खरखरीत भागात अडकलेल्या रंगाला जुना टूथब्रश. पॉलिश पेपर अजिबात नको, बंपरचा खरखरीतपणा घासला गेला की परत येत नाही.