मदत हवी आहे: जुना पितळी पात्यांचा पंखा फिरत नाही, नुसता घुमतो

तापीकाठ:
गेल्या आठवड्यात भुसावळला भंगारात एक छोटा पंखा मिळाला. पितळी पाती, ओतीव बॉडी, वजनाला चांगलाच जड. पूर्ण खोलला, धुतला, तेल दिलं, परत जोडला. करंट दिला की नुसता घूंऽऽ करतो. हाताने पातं ढकललं तर दोन फेरे मारून थांबतो आणि पाच मिनिटांत बॉडीला हात लावता येत नाही. वाइंडिंग जळालेलं नाही, बघितलंय. रविवारी आजोबा येताहेत, त्यांची सगळी नोकरी रेल्वेत गेली. त्यांच्यासमोर तो चालू व्हायला हवा. लवकर सांगा.

सातपुडा:
कपॅसिटर गेला. अडीच मायक्रोफॅरडचा टाक, लगेच फिरेल. आमच्या छताच्या पंख्याला हेच झालं होतं.

तापीकाठ:
यात कपॅसिटर नाहीच.

सातपुडा:
नाही तर लाव.

वाइंडिंगवाला_धुळे:
काही लावू नको. आधी नेमप्लेटना फोटो टाक भाऊ, त्याशिवाय काय सांगू तुले? आणि आत कार्बन ब्रश आहेत का?

तापीकाठ:
ब्रश आहेत, दोन. ते तर असणारच ना. फोटो नीट येत नाही, प्लेट घासलेली आहे. जीआयपी ही अक्षरं आणि २४ एवढंच वाचता येतं. म्हणून २४ व्होल्टच दिले, थेट लाइन दिलेली नाही.

भरीतप्रेमी_यावल:
जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे असेल तर जपून ठेवा! ती रेल्वे १९५१ मध्ये मध्य रेल्वेत गेली, म्हणजे पंखा त्याच्या आधीचा. पाती घासून चकचकीत करू नका, तो जुना रंग परत येत नाही.

जुनं_लोखंड:
असहमत. पितळ पितळासारखंच दिसलं पाहिजे. चिंचेचा कोळ लावा, धुवा, लगेच कोरडं करा. हिरवं चढलेलं तसंच ठेवलं तर धातू खात जातं.

भरीतप्रेमी_यावल:
हिरवं काढा, पण तांबूस थर राहू द्या. दोन्ही एक नाहीत.

वाइंडिंगवाला_धुळे:
पातं राहू द्या बाजूला. तापीकाठ, ते २४ व्होल्ट कुठून दिले?

तापीकाठ:
जुन्या स्टॅबिलायझरच्या ट्रान्सफॉर्मरवरून. मीटरवर बरोब्बर २४ आले.

वाइंडिंगवाला_धुळे:
इथेच अडलं. ट्रान्सफॉर्मरमधून एसी निघतो. तुझा पंखा रेल्वेच्या डब्यातला, बॅटरीवर चालणारा, म्हणजे डीसी. डब्यात आधी २४ व्होल्ट होते, ११० नंतर आले.

खेळण्यांचा_खजिना:
ब्रशची मोटर एसीवरही चालते की. माझ्याकडे मेकॅनो या खेळण्याच्या जोडसंचाची ई२०आर मोटर आहे, वडिलांची, २० व्होल्टची. ट्रान्सफॉर्मरवर आजही पळते. तिचं उलटं फिरवायचं लिव्हर मी एकदा...

वाइंडिंगवाला_धुळे:
तुमची मोटर सिरीजची, फील्ड (चुंबक बनवणारी स्थिर गुंडाळी) आणि आर्मेचर (फिरणारी गुंडाळी) एकाच वाटेवर. एसीत दोन्ही एकदम उलटतात, म्हणून जोर एकाच दिशेने राहतो. या पंख्याचं फील्ड आर्मेचरला समांतर असणार, म्हणजे शंट मोटर. त्याला बारीक तारेचे खूप वेढे, म्हणून एसीत त्याचा करंट मागे रेंगाळतो. आर्मेचर ओढतं तेव्हा चुंबकात जीव नसतो. त्यात पोल भरीव लोखंडाचा असेल तर तोच तापतो. म्हणून घूं आणि गरम.

सातपुडा:
म्हणजे कपॅसिटर नाहीच लागणार?

वाइंडिंगवाला_धुळे:
एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर लावलास तर त्याच्यानंतर लागेल. उद्या दोन बाइकच्या १२-१२ च्या बॅटऱ्या सिरीजला जोड आणि लाव. फ्यूज विसरू नको. आणि फील्डची तार चालू मोटरमध्ये सुटू देऊ नको, शंट मोटर वेग वाढवत जाते.

गल्लीतला_गणेश:
एवढी खटपट कशाला? बीएलडीसी (बिनब्रशच्या मोटरचा) पंखा घ्या, तीस वॉटमध्ये चालतो. मे महिन्यात जळगावात लोडशेडिंगला इन्व्हर्टरवर रात्रभर जातो.

जुनं_लोखंड:
ते वाऱ्यासाठी. हा आजोबांसाठी आहे.

तापीकाठ:
बॅटऱ्या लावल्या. फिरतो!! पण ब्रशजवळ ठिणग्या उडतात आणि एक ब्रश निम्मा झिजलेला आहे. मिक्सरचे ब्रश घासून बसवू का?

सातपुडा:
बसव. मी दोनदा बसवलेत.

वाइंडिंगवाला_धुळे:
नको. मिक्सर २३० चा, त्याचा कार्बन शुद्ध आणि कडक. कमी व्होल्टला तांबं मिसळलेला ब्रश लागतो, नाही तर ब्रशमध्येच व्होल्ट मरतात. गाडीच्या वायपरचा किंवा डायनॅमोचा ब्रश माप बघून घे आणि घासून बसव. कम्युटेटरला, म्हणजे ब्रश घासतो त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याला, एमरी पेपर लावू नको, त्याचे कण खाचांत बसतात. बारीक काचपेपर घे. दोन पट्ट्यांमधला अभ्रक वर आला असेल तर हॅकसॉ ब्लेडच्या तुकड्याने थोडा खाली खरवड.

जुनं_लोखंड:
आणि बुशला खाद्यतेल नको, शिलाई मशीनचं तेल. आत नमदा (लोकरीची जाड गादी) असेल तर तो भिजव, तोच तेल धरून ठेवतो.

तापीकाठ:
वायपरचे ब्रश मिळाले, ठिणग्या कमी झाल्या. पण वारा मागे जातो! बॅटरीच्या तारा उलट्या केल्या, तरी मागेच.

खेळण्यांचा_खजिना:
माझ्या मेकॅनोला लिव्हर म्हणूनच आहे...

वाइंडिंगवाला_धुळे:
बॅटरी उलटवून शंट मोटर उलटत नाही, दोन्ही एकदम बदलतात. फक्त ब्रशच्या दोन तारा अदलाबदल कर. फील्डला हात लावू नको. साफ करताना ब्रशच्या तारा सोडल्या होत्या ना?

तापीकाठ:
हो, सोडल्या होत्या. ते सांगायचं राहिलं.

तापीकाठ:
अदलाबदल केली. वारा समोर येतोय. आजोबा अजून यायचे आहेत, पण मी तीनदा चालू करून बघितला.

भरीतप्रेमी_यावल:
आता तरी फोटो टाका. आणि पातं घासू नका.