वाद्यांच्या खऱ्या नादासाठी कोणता ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा?

प्रश्न
मी घरी प्रामुख्याने व्हायोलिन, चेलो आणि गिटार यांची ध्वनिमुद्रणे ऐकतो. सध्याच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरवर सूर स्वच्छ येतात, पण गज तारेवर टेकतानाची खरखर आणि लाकडातून मागे रेंगाळणारी आस हरवल्यासारखी वाटते. ३००बी या निर्वात ट्यूबचा सिंगल-एंडेड (एकच ट्यूब पूर्ण ध्वनिलहर वाढवते असा) अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा की ईएल३४ या ट्यूबचा पुश-पुल (ट्यूबची जोडी लहर वाटून घेते असा), हे ठरत नाही. स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटरवर मिळणारा आवाज, ८६ डेसिबल आहे आणि ते बदलायचे नाहीत.

पहिले उत्तर
स्पीकर तेच राहणार असतील, तर निर्णय बराचसा झालेलाच आहे. एका ३००बीमधून साधारण ८ वॅट मिळतात, म्हणजे तुमच्या स्पीकरसमोर एक मीटरवर जेमतेम ९५ डेसिबल, आणि आसनापर्यंत पोहोचताना त्यातलेही काही घटतात. एकट्या गिटारीला ते पुरेल. पण चेलोवर गज जोरात ओढला जातो तेव्हा आवाजाचे शिखर सरासरीच्या १० डेसिबल वर सहज जाते, आणि १० डेसिबल म्हणजे दहापट शक्ती. तिथे अ‍ॅम्प्लिफायर दबला, की वाद्याचा जिवंतपणाच आधी जातो. ईएल३४ची जोडी पुश-पुलमध्ये ३० वॅटच्या आसपास देते, म्हणून माझे मत तिकडे.

दुसरे उत्तर
हिशेब पटला, तरी ट्यूबच्या नावापेक्षा आउटपुट ट्रान्सफॉर्मरकडे (ट्यूब आणि स्पीकर यांना जुळवणाऱ्या भागाकडे) अधिक बारकाईने पाहावे, असे मला मनापासून वाटते. चेलोची सर्वांत खालची तार सुमारे ६५ हर्ट्झची असते. ट्रान्सफॉर्मरचा गाभा लहान असेल तर मोठ्या आवाजात तो तिथेच संपृक्त होतो, म्हणजे त्याची चुंबकीय क्षमता संपते, आणि खर्ज पोकळ लागतो. शिवाय फीडबॅक (आउटपुटचा अंश मागे देऊन केलेली दुरुस्ती) नसलेल्या सिंगल-एंडेड रचनेचा आउटपुट इम्पीडन्स (विद्युतप्रवाहाला होणारा विरोध, ओहममध्ये) बहुधा जास्त असतो, त्यामुळे स्पीकरच्या इम्पीडन्सच्या चढउतारांबरोबर आवाजाचा तोलही हलतो. अनेकदा ज्याला आपण ट्यूबचा गोडवा म्हणतो, तो या हललेल्या तोलाचा भाग असतो.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. माझ्या स्पीकरवर ८ ओहम लिहिले आहे, पण काही कंप्रतांना तो ४ ओहमच्या जवळ उतरतो. मग अ‍ॅम्प्लिफायरच्या ४ ओहमच्या टोकाला जोडणी करावी की ८ ओहमच्या?

दुसरे उत्तर देणारे
४ आणि ८ ओहम, दोन्ही टोके ऐकून पाहा. मात्र तारा बदलण्यापूर्वी अ‍ॅम्प्लिफायर बंद करा, कारण स्पीकर न जोडता तो वाजवल्यास ट्रान्सफॉर्मरला इजा होऊ शकते. तुमच्या परिचयाचे एकच चेलोचे ध्वनिमुद्रण दोन्ही वेळा सारख्याच आवाजात लावा आणि खर्ज कुठे अधिक घट्ट लागतो, त्यावरून ठरवा.