भाडेवाढ (महाराष्ट्र): आकडा कसा ठरवता, करारात कसा लिहिता?

लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायची परवानगी) असो की पागडीची (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन कमी भाड्याने घेतलेली) जुनी जागा, भाडेवाढीबद्दल ज्यांना नेमकं माहीत आहे त्यांनी इथे लिहावं. मालक आणि भाडेकरू, दोघांच्याही उपयोगाचं हवं.

दस्त नोंदणीचं काम करणारे
'परस्पर संमतीने भाडे वाढवण्यात येईल' हे वाक्य करारात ठेवूच नका. अकरा महिन्यांनी पुन्हा घासाघीस होते. प्रत्येक टप्प्याचं भाडं रुपयांत लिहा. 33 महिन्यांचा करार, सुरुवात 20,000, वाढ 10 टक्के असेल तर 11-11 महिन्यांचे टप्पे: 20,000, 22,000, 24,200. नुसते टक्के लिहिले की शेवटचा टप्पा 24,000 चा की 24,200 चा, यावर वाद ठरलेला.

मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या 0.25 टक्के. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर दरसाल 10 टक्के व्याज धरून तेही भाड्यात मिळवतात. डिपॉझिट 60,000 असेल तर 33 महिन्यांचं भाडं 7,28,200 अधिक व्याज 16,500, म्हणजे शुल्क साधारण 1,862 रुपये. शहरी भागात नोंदणी फी 1,000. दर अकरा महिन्यांनी नवा करार केला तर ती तीनदा जाते.

सोसायटीचे हिशेब पाहणारे
किती वाढ मागावी, हे आधी कागदावर मांडा. वर्षभरात मेंटेनन्स आणि मालमत्ता कर किती वाढला? मग दुसरी बाजू. 20,000 भाड्यावर 10 ऐवजी 15 टक्के मागितले तर मालकाला महिन्याला हजार, 11 महिन्यांत 11,000 जास्त मिळतात. पण त्यापायी भाडेकरू गेला आणि घर एकच महिना रिकामं राहिलं तरी 20,000 गेले. रंगकाम आणि दलाली वेगळी. भाडेकरूनेही टेम्पो, दलाली आणि नवं डिपॉझिट यांची बेरीज करूनच 'नाही' म्हणावं. माझ्या मते वेळेवर भाडं देणाऱ्याशी बोलताना हीच मांडणी दोघांनी समोर ठेवावी. 'बाजारभाव' या शब्दाने काहीच सुटत नाही.

बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच घेता येतं. सोसायटी जास्त लावत असेल तर तिथे हरकत घ्या, तो बोजा भाड्यात टाकू नका.

वकील
भाडे नियंत्रण अधिनियम 1999, कलम 55: करार लेखी आणि नोंदवलेला हवा, जबाबदारी मालकाची. नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. ते खोटं ठरवायचं काम मालकाचं. तोंडी ठरलेली वाढ इथेच बुडते. उलट, लायसन्सची मुदत संपूनही घर सोडलं नाही तर कलम 24 खाली दुप्पट दराने भरपाई मागता येते. म्हणून वाढीचं बोलणं मुदतीच्या दोन महिने आधी उरकावं. वाढ नाकारली म्हणून पाणी किंवा वीज तोडणं कलम 29 ने मना आहे.

पागडीच्या इमारतींचा अनुभव असलेले
पागडीत वरचं गणित चालत नाही. कलम 11 प्रमाणे वर्षाला 4 टक्के वाढ. 500 भाड्यावर 20 रुपये. मुळात 1947 च्या कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधली होती. ती रचना काळाबरोबर अवाजवी झाल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये म्हटलं. नवा, म्हणजे 1999 चा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला.

भाडं कमी असल्याची झळ भाडेकरूलाही बसते. मालक दुरुस्ती करत नसेल तर 15 दिवसांची नोटीस देऊन स्वतः करून घेता येते, पण खर्चाची रक्कम वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच भाड्यातून वळती होते. 500 भाड्याला 1,500 रुपये! तेवढ्यात गच्चीची गळती थांबत नाही. गच्ची, जिना, सांडपाण्याचा पाइप यांचा खर्च सगळ्या भाडेकरूंनी मालकाशी बसून वेगळा वाटून घ्यावा, आणि ती रक्कम भाड्याच्या पावतीत मिसळू नये.

मालक भाडं घेत नसेल तर मनीऑर्डरने पाठवा, परत आलेला कागद जपून ठेवा. थकबाकीची लेखी नोटीस आली तर 90 दिवसांच्या आत भरा.