मदत हवी आहे : गॅस दाबल्यावर एन्ट्रॉपी वाढते का कमी होते?

भावांनो, कोल्हापुरात बीएस्सीला आहे. १ मोल आयडियल गॅस तापमान स्थिर ठेवून सावकाश दाबून निम्म्या आकारमानाचा केला की त्याची एन्ट्रॉपी (कणांच्या अस्ताव्यस्तपणाचं माप) ५.७६ ज्यूल प्रति केल्विननं कमी होते, ती उष्णतेसोबत बाहेर गेली, हे पटलं. पण १ मोल मोनोअ‍ॅटॉमिक (एकेकट्या अणूंचा) आयडियल गॅस इन्सुलेटेड (उष्णता आत-बाहेर न जाणाऱ्या) सिलिंडरमध्ये ३०० केल्विनला १ बारवर आहे आणि बाहेरचा दाब एकदम २ बार केला तर तापमान ४२० येतंय, सावकाश दाबला तर ३९६च, आणि एकदम दाबल्यावर एन्ट्रॉपी चक्क १.२३ ज्यूल प्रति केल्विन वाढतीय. उद्यमनगरातल्या कॉम्प्रेसरचा पाइप तापतो ते कळतं, पण इथं उष्णता शून्य असताना ही वाढ नेमकी येते कुठनं? कुणीतरी नीट समजवा की राव.