२०१७चा आयमॅक: एसएसडी आत बसवू की बाहेरून जोडू?

मदत हवी आहे. मशीन २१.५ इंची ४के आयमॅक, २०१७चं मॉडेल, रॅम ८ जीबी, मॅकओएस व्हेंचुरा. आत मूळची १ टीबीची ५४०० आरपीएम हार्ड डिस्क. बटण दाबून चहा टाकला तर चहा गाळून होतो, सुरू होतानाची पट्टी मात्र अर्ध्यावरच. घड्याळ लावून मोजलं: २ मिनिटं ५० सेकंद.

लॉगिनला उघडणारी ॲप्स बंद केली, २०० जीबी जागा मोकळी केली, सिस्टिमही नव्याने टाकली. फरक जेमतेम दहा सेकंदांचा. मग मित्राची जुनी साटा (हार्ड डिस्कसारख्याच जोडणीची) एसएसडी यूएसबी ३च्या केसमध्ये (बाहेरून जोडायच्या डबीत) घालून तिच्यावरून बूट केलं, म्हणजे मशीन सुरू केलं, तर ५५ सेकंद!

एसएसडी आत बसवायची तर स्क्रीनचा गोंद कापायचा, आणि हार्ड डिस्कच्या जागीही साटाच, म्हणजे सेकंदाला ६ गिगाबिट. मागचा यूएसबी-सी पोर्ट १० गिगाबिटचा. कागदावर बाहेरचीच जिंकते, पण मॅकओएसमध्ये यूएसबीवर ट्रिम (पुसलेल्या फाइल्सची जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवणारी सोय) चालेलच याची खात्री नाही. थंडरबोल्ट (यूएसबीहून वेगवान जोडणी) केस ८ हजारांच्या बजेटमध्ये बसत नाही, आणि नवं मशीन सध्या नको.

याच मॉडेलवर दोन्ही वापरलेल्यांनी सांगा: बूटमध्ये नेमका किती सेकंदांचा फरक पडतो? आणि ट्रिमशिवाय वर्षभराने वेग उतरला का?